एक दिवस शाळेत गेलेला इंजिनिअर

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे काळ्या पट्टीवरून चालणारा एक छोटा रोबोट. डेमोच्या दिवशी सरांसमोर टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि तो पठ्ठ्या पट्टी सोडून थेट टेबलाच्या कडेकडे निघाला. मी हात पुढे करेपर्यंत साहेब खाली! चाक एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. सगळा वर्ग खो-खो हसला. रात्री खोलीत येऊन उघडून पाहिलं, तर डाव्या मोटरच्या वायरी उजवीकडे आणि उजवीच्या डावीकडे जोडल्या होत्या. एवढीच चूक, आणि ती माझीच. मी रडवेली होऊन बसले होते. माझी रूममेट मात्र गालातल्या गालात हसत होती. तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि एक जुनी, काळी-पांढरी, मुकी फिल्म लावली. वीस-पंचवीस मिनिटांचीच.

फिल्मचं नाव ‘वन वीक’, साल १९२०. एका नवविवाहित जोडप्याला लग्नात घर भेट मिळतं, पण खोक्यांत भरलेलं! खोक्यांवर नंबर आहेत, त्या क्रमाने भाग जोडत गेलं की घर तयार. आता त्या मुलीवर आधीपासून डोळा असलेला एक जळकुकडा गुपचूप खोक्यांवरचे नंबर बदलून टाकतो. नवरा बिचारा सूचनांप्रमाणे इमानदारीत घर बांधतो. जे उभं राहतं ते बघून सिव्हिलच्या मुलांना घेरी येईल. भिंती तिरक्या, खिडक्या वाकड्या, वरच्या मजल्यावरचं दार उघडलं की बाहेर मोकळी हवा! मग वादळ येतं आणि अख्खं घर भोवऱ्यासारखं गरागरा फिरू लागतं. आणि एवढं सगळं होत असताना त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. रडत नाही, हसत नाही, पुढचा उपाय शोधत राहतो.

नंबर बदललेली खोकी आणि अदलाबदल झालेल्या माझ्या वायरी! मी हसायला लागले ते थांबलेच नाही. तो नवरा म्हणजे बस्टर कीटन. त्या रात्रीपासून मी त्याच्या मागे लागले, आणि जे कळलं ते आपल्या कॉलेजच्या अंकात लिहायलाच हवं असं वाटलं. (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर संपादक मंडळाला पकडा, मला नको!)

चार्ली चॅप्लिन आपल्या सगळ्यांना माहीत असतो. लॉरेल-हार्डी घरी आजोबांनासुद्धा माहीत असतात. कीटनचं नाव मात्र मी विचारलं तर आमच्या अख्ख्या विंगमध्ये दोघींनाच ठाऊक निघालं. खरं तर इंजिनिअरिंगच्या पोरांचा देव कोण, तर हाच.

त्याचं खरं नाव जोसेफ फ्रँक कीटन. जन्म ४ ऑक्टोबर १८९५, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यात. आई-वडील दोघंही गावोगाव फिरून खेळ करणारे कलाकार. तान्हा असताना तो जिन्यावरून गडगडत खाली आला आणि त्याला काहीही झालं नाही, तेव्हापासून त्याला बस्टर म्हणू लागले अशी कथा सांगतात. हे नाव प्रसिद्ध जादूगार हुदिनीने दिलं असंही कीटन घराण्यात सांगत. कथा किती खरी ते सोडा, पण पुढचं आयुष्य पाहिलं तर नाव एकदम फिट बसलं.

तेव्हा तिकडे वॉडव्हिल नावाचा प्रकार जोरात होता. गाणी, नाच, कसरती, जादू, नकला, सगळं एका तिकिटात. बस्टर जेमतेम पाच वर्षांचा असेल-नसेल, तेव्हापासून आई-वडिलांबरोबर स्टेजवर उभा राहू लागला. ‘थ्री कीटन्स’ हे त्यांच्या खेळाचं नाव. खेळ काय, तर बाप शिस्त लावायला बघतो आणि पोरगा ऐकत नाही. मग बाप त्याला उचलून पडद्यावर, नेपथ्यावर फेकतो! फेकायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर चक्क सुटकेसची मूठ शिवलेली असायची. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेने यावर तक्रारी केल्या, तपासण्या झाल्या. आज असला खेळ कुणी चालू देणार नाही आणि देऊही नये. पण त्या स्टेजवर पोरगा दोन गोष्टी शिकला. पहिली, पडताना अंग कसं सोडायचं आणि कुठल्या क्षणी हात किंवा पाय टेकवून झटका मोडायचा. दुसरी, आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात आणि आपण ठोकळ्यासारखे राहिलो की हॉल डोक्यावर घेतात. पुढे अख्ख्या जगाने ज्याला दगडी चेहरा म्हटलं, त्याचा जन्म हा असा झाला.

शाळेत तो एकच दिवस गेला असं तो स्वतः सांगायचा. स्टेजवरचे विनोद त्याने वर्गात केले आणि शाळेने त्याला घरी पाठवलं! मग शिकवलं कुणी? स्टेजमागच्या सुतारांनी, दोरखंड ओढणाऱ्यांनी, जादूगारांच्या पेट्यांनी. कुठली फळी कशी फिरते, कुठला सापळा कसा उघडतो, हे तो बघत राहिला.

बापाचं दारू पिणं मात्र वाढत गेलं. प्यायलेला माणूस मुलाला फेकतोय आणि मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे, असा खेळ किती दिवस चालणार? एक चूक म्हणजे मान मोडणार. १९१७ च्या सुरुवातीला बस्टर आणि आई, दोघांनी खेळ बंद केला.

आता प्लेसमेंटवाल्यांनी इकडे लक्ष द्या. न्यूयॉर्कला त्याला एका मोठ्या स्टेज शोमध्ये आठवड्याला २५० डॉलरची नोकरी मिळाली. तालमी सुरू होण्याआधी एक ओळखीचा माणूस त्याला फिल्म स्टुडिओत घेऊन गेला. तिथे रॉस्को आर्बकल, म्हणजे पडद्यावरचा ‘फॅटी’, एक छोटी विनोदी फिल्म करत होता. धपाधप मार, पिठाचा धुरळा, पाठलाग असा सगळा मामला. अशा फिल्मांना स्लॅपस्टिक म्हणतात, कारण जुन्या प्रहसनांत दोन फळ्यांची एक काठी असायची, मारली की आवाज मोठा आणि लागायचं कमी. आर्बकलने त्याला जरा काम करून बघ म्हटलं. ती फिल्म म्हणजे ‘द बुचर बॉय’.

पण बस्टरचं डोकं फिरवलं ते कॅमेऱ्याने. हे यंत्र आतून कसं चालतं? त्याने कॅमेरा मागून घेतला, रात्री घरी नेऊन सगळा उघडला, भाग न् भाग सुटा केला आणि पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी त्याने २५० डॉलरवर पाणी सोडलं आणि ४० डॉलरची फिल्मची नोकरी धरली. आपल्याकडे हे घरी सांगितलं तर काय होईल, कल्पना करा!

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. १९१८ मध्ये तो सैन्यात भरती होऊन फ्रान्सला गेला. तिथे कानाला संसर्ग झाला आणि ऐकू येणं कायमचं कमी झालं. परत आल्यावर पुन्हा आर्बकल, आणि १९२० मध्ये निर्माता जोसेफ शेंकने त्याला स्वतःचं युनिट दिलं. स्टुडिओ तोच, जिथे पूर्वी चॅप्लिनने काम केलं होतं. १९२० ते १९२३ या काळात कीटनने तिथे १९ छोट्या फिल्म केल्या. बहुतेक दोन रिळांच्या. एक रीळ साधारण हजार फुटांचं, म्हणजे दोन रिळांत वीस-पंचवीस मिनिटं.

हा स्टुडिओ म्हणजे आपल्या वर्कशॉपसारखा होता, फरक एवढाच की इथे काम करायला सगळ्यांना आवडायचं. लिहिलेली स्क्रिप्ट नसायची. सुरुवात आणि शेवट ठरला की मधलं आपोआप सुचेल यावर विश्वास. एखादा प्रसंग अडला तर अख्खं युनिट बेसबॉल खेळायला मैदानात! खेळता खेळता कुणाला तरी सुचायचं, की बॅट टाकून परत कामाला. (आपल्या बॉक्स क्रिकेटचं समर्थन म्हणून हे रेक्टर मॅडमनी वाचावं अशी नम्र विनंती.)

काम मात्र एकदम पक्कं. ‘वन वीक’मधलं फिरणारं घर म्हणजे चक्रावर बसवलेलं खरं घर होतं. शेवटी घर रुळांवर अडकतं आणि ट्रेन येते, तेव्हा ती ट्रेनही खरी. छोटी मॉडेल वापरून फसवणं त्याला पसंत नव्हतं. प्रेक्षकाला एकाच लांब शॉटमध्ये माणूस, यंत्र आणि अंतर तिन्ही दिसलं पाहिजे, तरच हसू आणि धडधड एकत्र येते, हे त्याचं गणित.

‘द इलेक्ट्रिक हाऊस’ (१९२२) तर इलेक्ट्रिकलवाल्यांना अभ्यासक्रमात लावावी. वनस्पतीशास्त्र शिकलेल्या आपल्या हिरोला चुकून इलेक्ट्रिकल इंजिनिअर समजतात आणि एका श्रीमंताचं घर विजेवर चालवायचं काम देतात. हा बहाद्दर सरकता जिना करतो, आपोआप भरणारा आणि रिकामा होणारा पोहण्याचा तलाव करतो, स्वयंपाकघरातून टेबलावर ताटं घेऊन येणारी छोटी रेल्वे करतो. मग खरा इंजिनिअर चिडून येतो आणि वायरिंग बदलून टाकतो, पुढचं तुम्ही बघा! ही फिल्म पहिल्यांदा १९२१ मध्ये सुरू केली तेव्हा त्याच सरकत्या जिन्यात कीटनचा पाय अडकून घोटा मोडला होता. दुसरा कुणी सिक लीव्ह टाकून झोपला असता. कीटनने काय केलं, तर फार धावपळ नसलेली फिल्म काढली, ‘द प्लेहाऊस’. तीत स्वप्नातल्या थिएटरमध्ये गाणारे, वाजवणारे, बघणारे सगळे कीटनच! एका दृश्यात तर स्टेजवर एकाच वेळी नऊ कीटन आहेत. कंप्युटर नाही, काही नाही. लेन्सपुढे नऊ उभ्या झडपांची पेटी बसवायची, एकच झडप उघडायची, चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, दुसरी झडप उघडायची. असं नऊ वेळा. आणि कॅमेरा तर हाताने फिरवायचा! कॅमेरामन एल्जिन लेस्लीचा हात प्रत्येक वेळी त्याच वेगाने फिरायला हवा, आणि कीटनची प्रत्येक हालचाल त्याच ठेक्यावर पडायला हवी. एक चुकला की आधीचं सगळं फुकट. दोघंही चुकले नाहीत.

१९२३ पासून तो मोठ्या फिल्मांकडे वळला. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोट अंगावर येतो आणि तो रुळावर आपटतो. डोकं दुखलं, तो काम करत राहिला. कितीतरी वर्षांनी डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारलं की तुमची मान कधी मोडली होती. तेव्हा!

पण माझा सगळ्यात आवडता प्रसंग ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मधला. वादळात घराची दोन टनांची दर्शनी भिंत सपाट त्याच्या अंगावर पडते. तो जिथे उभा आहे तिथे नेमकी वरची उघडी खिडकी येते आणि तो जसाच्या तसा उभा! चारी बाजूंना फक्त काही इंच जागा. मेकॅनिक्सच्या भाषेत सोपं आहे. भिंत खालच्या कडेला बिजागरीवर फिरते, म्हणून खिडकी जितक्या उंचीवर, बुंध्यापासून तितक्याच अंतरावर उभं राहायचं. कागदावर आपण हे पाच मिनिटांत सोडवू. त्या खुणेवर स्वतः उभं कोण राहणार? शूटिंगच्या वेळी युनिटमधल्या काहींनी तोंड फिरवून घेतलं होतं म्हणतात.

गंमत म्हणजे हे वेडं धाडस नव्हतंच. १९१९ मध्ये आर्बकलच्या ‘बॅक स्टेज’मध्ये हाच प्रकार हलक्या नेपथ्यावर करून झाला होता. १९२० मध्ये ‘वन वीक’मध्ये घराच्या भिंतीवर. आणि मग १९२८ मध्ये दोन टन. म्हणजे आधी मॉडेल, मग प्रोटोटाइप, मग फुल स्केल. शाळेत एक दिवस गेलेल्या माणसाने हे कुणाकडून शिकलं असेल?

इथपर्यंत सगळं छान. आता वाईट भाग.

१९२६ मध्ये त्याने ‘द जनरल’ केली. अमेरिकन यादवी युद्धातली रेल्वे इंजिनच्या पाठलागाची गोष्ट. ऑरेगॉन राज्यात कॉटेज ग्रोव्हजवळ खरा पूल बांधला, पेटवला आणि खरं इंजिन त्यावरून नदीत पाडलं. त्या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर सांगतात. आज जगातल्या उत्तम फिल्मांत तिचं नाव घेतात. तेव्हा मात्र समीक्षकांनी नाक मुरडलं आणि पैसा बुडाला. पुढच्या फिल्माही म्हणाव्या तशा चालल्या नाहीत. आणि एक गोष्ट बस्टरने कधी नीट पाहिलीच नव्हती. कंपनीच्या नावात त्याचं नाव होतं, मालकीत त्याचा वाटा नव्हता! १९२८ मध्ये शेंकने स्वतंत्र युनिट बंद केलं आणि त्याला एमजीएम या बड्या कंपनीत जायला सांगितलं. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड, दोघांनी त्याला जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं. पण पॅकेज होतं आठवड्याला ३,००० डॉलर. त्याने सही केली.

आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती, तर ही सही, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. एमजीएममध्ये आधी स्क्रिप्ट लिहून मंजूर करून घ्यायची. प्रत्येक प्रसंगावर दहा साहेबांचं मत. जोखमीच्या उड्या स्वतः मारायच्या नाहीत. बेसबॉल तर विसराच. पहिली ‘द कॅमेरामन’ चांगली झाली, नंतर बोलपट आले आणि त्याला बडबड्या, बावळट भूमिका मिळू लागल्या. त्या फिल्मा चालत होत्या, गल्ला येत होता, त्यामुळे काय बिघडलंय हे कंपनीला कळेना आणि त्याला सांगता येईना. तो पिऊ लागला. ज्या बाटलीमुळे बापाचा खेळ बंद पाडला, तीच बाटली आता याच्या हातात. १९३२ मध्ये घटस्फोट झाला, घर गेलं, दोन्ही मुलं दुरावली. १९३३ मध्ये एमजीएमने काढून टाकलं. घाईत केलेलं दुसरं लग्नही मोडलं, व्यसनामुळे हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली. १९३७ मध्ये तो पुन्हा एमजीएममध्ये गेला, पण आता दुसऱ्यांच्या फिल्मांसाठी विनोद सुचवणारा म्हणून. पगार आठवड्याला १०० डॉलर!

२५०, ४०, ३,०००, १००. हे चार आकडे मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवलेत. सगळ्यात चांगलं काम ज्या रस्त्याने झालं, त्याची सुरुवात ४० पासून झाली होती.

मित्रमैत्रिणींनो, गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती. पण हा माणूस पडायला लहानपणीच शिकला होता. १९४० मध्ये त्याने एलिनॉर नॉरिस या नर्तिकेशी लग्न केलं. ती २१ वर्षांची, तो ४४ चा. लोकांनी नाकं मुरडली, पण संसार शेवटपर्यंत टिकला आणि हळूहळू तोही उभा राहिला. १९४७ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत काम केलं, मग टीव्हीवर आला. १९४९ मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने ‘लाइफ’ साप्ताहिकात मुक्या विनोदी फिल्मांवर मोठा लेख लिहिला आणि लोकांना कीटन पुन्हा आठवला. पण फिल्मा कुठे होत्या? तेव्हाची नायट्रेट फिल्म भराभर पेट घेते आणि ठेवून ठेवून सडते. अनेक फिल्मा गेल्याच असं त्याला वाटत होतं. पुढे त्याचं जुनं घर जेम्स मेसन या नटाने विकत घेतलं, आणि तिथल्या एका बंद कोठीत कीटनच्या फिल्मांची रिळं सापडली! रेमंड रोहाउर नावाच्या माणसाने नव्या फिल्मवर त्यांच्या प्रती काढून घेतल्या. माझी रूममेट ती लॅपटॉपवर लावू शकली, ती अशा लोकांच्या कृपेने.

१९६० मध्ये त्याला मानाचं ऑस्कर मिळालं. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी आलेल्या ‘द रेलरॉडर’ या कॅनडातल्या फिल्ममध्ये तो रुळांवरच्या छोट्या मोटरगाडीतून देशभर फिरतो. उंच पुलावरून जाताना मोठ्ठा नकाशा अंगाला गुंडाळला जातो असा प्रसंग त्याने सुचवला. धोका आहे म्हणून दिग्दर्शक नको म्हणत होता. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा म्हातारा ऐकेना, आणि शेवटी प्रसंग त्याच्या म्हणण्याप्रमाणेच झाला. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला.

शेवटच्या वर्षांत त्याचं घर साधंच होतं. पण अंगणात त्याने एक छोटी रेल्वे बसवली होती. पाहुणे बाहेर बसले की ती रूळ ओलांडत खाऊ घेऊन त्यांच्यापर्यंत यायची. ‘इलेक्ट्रिक हाऊस’मधलीच कल्पना, चाळीस वर्षांनी, कुठल्याही कंपनीच्या मंजुरीशिवाय. मला वाटतं, स्टुडिओ गेला, पैसा गेला, तरी हे कुणाला त्याच्याकडून घेता आलं नाही.

जाता जाता, आमचा रोबोट दुरुस्त झाला. वायरी बदलल्या, चाक चिकटवलं, पुन्हा डेमो दिला. दोन मार्क कापले गेलेच! पण या वेळी तो पट्टीवरून नीट चालत होता आणि मी दगडी चेहऱ्याने उभी होते. हसले ते खोलीत आल्यावर.